बॉनेटवर ठेवलेला हात

लूपरझील, १४ सप्टेंबर १९९७

हेनिंग,

फोन करता आला असता, पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून लिहितेय.

तुझ्या जन्माच्या हौशीची वस्तू माझ्या घरापासून चार घरांवर उभी आहे. तुला वेगाची गाडी हवी. नवी परवडत नाही म्हणून जुनी हवी, आणि जुनी असून रस्त्यात बंद पडणारी नको. आजवर दोनदा अशी गाडी घेतलीस. पहिलीने दुसऱ्याच महिन्यात घाटात धूर काढला. दुसरीच्या तळाला गंजाने एवढं भोक पडलं होतं की रोझविथाची चप्पल त्यातून रस्त्यावर गेली. बिचारी बायको अजून तुझ्याजवळ आहे हेच नवल.

हाब्बो ऊबेन मे महिन्यात गेले. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. मी लग्न होऊन या गावात आले तोवर तू दक्षिणेत जाऊन श्वाबियाचा झाला होतास. हाब्बोभाऊ बंधाऱ्यावरच्या पाणी उपसायच्या पंपांवर मेकॅनिक होते. गावात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी त्यांना सोबत न्यायचं. ते गाडीखाली आडवे व्हायचे, उठायचे, पँट झटकायचे आणि एकच शब्द बोलायचे, "घे" नाहीतर "चल". त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे दोन दारांची, चंदेरी, सहा सिलिंडरची. वय पंधरा वर्षं. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडलं की, गंज नको म्हणून, ती पांघरूण घालून आत. उन्हाळ्यात रविवारी दोघं नवरा-बायको समुद्रापर्यंत जाऊन यायचे. आता थेडावहिनी ती विकतायत. एम्डेनचा एक डॉक्टर आला होता, पण तो ती हॉलमध्ये दिवे लावून ठेवणार म्हणाला, तर वहिनींनी त्याला वाटेला लावलं. त्यांना चालवणारा माणूस हवाय. मी तुझं नाव सांगितलं आणि तुझ्याबद्दल चार चांगले शब्दही बोलले, त्यासाठी देव मला माफ करो.

किंमत आयल्टने ठरवून दिलीय. आयल्ट म्हणजे हाब्बोभाऊंचा मित्र, आमच्या गोळाफेक मंडळाचा अध्यक्ष. किंमत वाजवी आहे, घासाघीस करू नकोस. आणि हे लक्षात ठेव, तीन कप चहा झाल्याशिवाय गाडीचं नाव काढायचं नाही. तू इथलाच आहेस, पण विसरला असशील.

माझं गुडघ्याचं ऑपरेशन महिनाअखेरीला आहे, त्यानंतर बरेच आठवडे व्यायामाच्या दवाखान्यात. म्हणजे तुला एकट्यालाच जावं लागेल. माणसासारखा वाग.

विबके


गोपिंगेन, ६ ऑक्टोबर १९९७

ताई,

गुडघा कसा आहे? नर्सना शिकवायला लागली असशीलच.

गाडी आली! तुझ्या गावाहून घरापर्यंत सगळा देश उभा ओलांडला आणि ती एकदाही कुरकुरली नाही. हॅनोव्हरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा मी पाय थोडा दाबला. ताई, मी बावन्न वर्षांचा आहे आणि मला एकट्याला गाडीत हसू फुटत होतं. रोझविथा दारात उभी होती. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून तळ बघितला आणि म्हणाली, "चप्पल घालून बसायला हरकत नाही."

तुझ्या थेडावहिनी भल्या आहेत. चहा होता, केक होता, आयल्ट आणि त्याची बायको होती, शेजारची आणखी दोन-तीन माणसं गाडीला निरोप द्यायला जमली होती. थोडी घासाघीस झाली, रागावू नकोस. खरं तर मी फारसं बोललोही नाही. एक गोष्ट माझ्या हाताला लागली आणि किंमत आपोआप खाली आली. दोनदा तोंड पोळलेला माणूस आहे मी, ताकही फुंकून पितो. इतकी वर्षं गाड्यांची मासिकं वाचली ती काही उगाच नाही. भेटलो की सांगेन, ऐकून तूही पाठ थोपटशील.

तुझा,
हेनिंग


लूपरझील, १९ नोव्हेंबर १९९७

हेनिंग,

घरी आलेय. दोन कुबड्या आणि एक गुडघा, तोही माझा नव्हे. गावातलं सगळं बायकामंडळ येऊन गेलं. थेडावहिनी आल्या नाहीत.

दाराशी केक मात्र होता, फडक्यात बांधलेला. फडकं त्यांचं, मी ओळखते. बेल न वाजवता ठेवून गेल्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "तू बरी झालीस हे ऐकून बरं वाटलं, विबके," आणि ठेवून दिला. वीस वर्षांत त्यांनी माझ्याशी दोन वाक्यांत बोलणं कधी संपवलेलं नाही. मंडळ रस्त्यावर गोळे फेकत निघतं त्या दिवशीही त्या घरीच राहिल्या म्हणे. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतात आणि प्रार्थना संपायच्या आत निघून जातात.

आयल्टच्या बायकोला मी विचारलं, "काय झालंय यांना?" तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या भावाला विचार."

म्हणून विचारतेय. तुझ्या हाताला काय लागलं होतं?

विबके


गोपिंगेन, ३० नोव्हेंबर १९९७

ताई,

तू असं विचारलंस की जणू मी त्यांची चांदी चोरून आणली. सगळं सांगतो, म्हणजे तुझीच खात्री पटेल.

जुनी गाडी बघायला गेलं की पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवायचा. कुठलंही मासिक उघड, हेच लिहिलेलं सापडेल. इंजिन थंड असेल तर विकणारा सरळ. गरम असेल तर त्याने तू यायच्या आत गाडी चालू करून ठेवली, कारण थंड असताना ती काहीतरी बोलते जे तू ऐकायला नको. खडखड, धूर, काहीही. गरम झाल्यावर ते सगळं लपतं.

मी हात ठेवला. बॉनेट चांगलं गरम होतं.

मी काही आरडाओरडा केला नाही. हसतच म्हणालो, "बाई, पाहुणा यायच्या आधी गाडी कुणी गरम केली?" त्या म्हणाल्या, "मीच. बंधाऱ्यापर्यंत जाऊन आले." मी विचारलं, "का?" तर म्हणाल्या, "हाब्बोने तसं सांगून ठेवलं होतं. कुणी बघायला आलं तर आधी गरम कर म्हणून." मग मी म्हणालो, "म्हणजे त्यांना ठाऊक होतं." एवढंच, ताई. पुढे मी फक्त अशा वेळी काय लपवलं जातं ते समजावून सांगितलं. आयल्ट काहीतरी बोलायला गेला, पण त्यांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी स्वतःच किंमत निम्म्यावर आणली. मी मागितली नव्हती. मी हवं तर शपथ घेतो.

त्यांच्या नवऱ्याने काय सांगितलं ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. यात माझा काय दोष? व्यवहार असाच असतो. नाताळात केक पाठव.

हेनिंग


लूपरझील, १२ जानेवारी १९९८

हेनिंग,

तुझं पत्र आल्यावर मी महिनाभर काही लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते टपालाने पाठवण्यासारखं नव्हतं.

काल आयल्ट चहाला आला होता. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "तुझ्या भावाला गाड्यांविषयी पुष्कळ माहिती आहे. हाब्बोला गाडी बघायला येणाऱ्यांविषयी होती." मी म्हटलं, "नीट सांग." तर तो म्हणाला, "अगं, असली गाडी बघायला येणारा प्रत्येक जण बसल्या बसल्या पाय दाबतो. इंजिन थंड असताना कुणी ते असं पळवलं तर आतून झिजतं. हाब्बो आपल्या सख्ख्या भावालाही थंड गाडी देत नसे. म्हणून सांगून ठेवलं असणार, मी नसेन तेव्हा कुणी माझ्या इंजिनाची वाट लावू नये म्हणून." मग मला विचारलं, "तुझ्या भावाने बघायला नेली तेव्हा पाय दाबला होता ना?"

दाबला होतास ना, हेनिंग? आमच्या कोपऱ्यापर्यंत आवाज गेला होता म्हणे.

आपल्याकडे चहा ओतण्याआधी किटली गरम पाण्याने विसळून घेतात. त्यात कुणी कधी फसवणूक शोधली नाही. तू शोधली असतीस.

आयल्टने हे वहिनींना सांगितलं नाही का? सांगितलं. तू गाडी नेलीस त्याच संध्याकाळी. त्या म्हणाल्या, "तू त्याचा मित्र आहेस, तू असंच बोलणार." तुझ्याच शब्दांनी तू गावातल्या सगळ्या शब्दांची किंमत घालवलीस. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता खरी गोष्ट ऐक. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला आमच्या मंडळाचं हिरव्या कोबीचं जेवण आहे. कोबी वाढण्याआधी अध्यक्ष उभा राहतो, वर्षभरात गेलेल्यांची नावं घेतो, आणि सगळे उभे राहून एकेक घोट घेतात. या वर्षी एकच नाव आहे. थेडावहिनी आयल्टच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "हाब्बोचं नाव घेऊ नका. ज्यांना त्याने गाड्या घ्यायला लावल्या ते सगळे समोर बसलेले असतील. मला तोंड वर करता यायचं नाही." आयल्ट सत्तर वर्षांचा आहे. मला हे सांगताना तो रडला.

मला तुझ्याकडून एकाच गोष्टीचं उत्तर हवंय, आणि मासिकातलं नकोय. गाडी थंड असताना चालू होते का?

विबके


गोपिंगेन, २० जानेवारी १९९८

ताई,

होते.

पहिल्या किल्लीला होते. ऑक्टोबर संपता संपता इथे पहिल्यांदा दव गोठलं. सकाळी काचेवरचं बर्फ खरवडून मी आत बसलो आणि कान लावून किल्ली फिरवली. काही म्हणजे काही नाही, ताई. ना खडखड, ना धूर. झोपेतून उठून कुणी शांतपणे "बोला" म्हणावं तशी. मी बंद केली आणि बसून राहिलो. माझे कान गरम झाले होते. मला तेव्हाच सगळं कळलं होतं.

म्हणजे तुला मागचं पत्र लिहिलं तेव्हाही मला ठाऊक होतं. मी ते लिहिलं नाही. "व्यवहार असाच असतो" असं लिहिलं. का, ते सांगतो. दोन वेळा मी फसलो आणि दोन्ही वेळा सगळी कचेरी हसली. या खेपेला कुणीतरी फसवत होतं आणि मी पकडलं, ही गोष्ट मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत किती वेळा सांगितली असेल! लोक ऐकायचे. मला गाडीपेक्षा ती गोष्ट जास्त आवडायला लागली होती. आता त्या टेबलावर बसवत नाही. डबा घेऊन बाहेर जिन्यात बसतो. रोझविथाला पत्र दाखवलं. तिने ते वाचून घडी घातली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

आणि हो, पाय दाबला होता.

सोबत पाकिटात किमतीचा उरलेला भाग पाठवतोय. तू वहिनींना दे आणि त्यांना सांग की माझी चूक झाली, गाडी निर्दोष आहे, त्यांचा नवरा सरळ माणूस होता. तुझ्या तोंडून त्यांना पटेल. मला त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही, ताई. एवढं माझ्यासाठी कर.

हेनिंग


लूपरझील, २५ जानेवारी १९९८

हेनिंग,

नाही करणार.

पाकीट परत पाठवतेय. लहानपणी शेजारच्यांची काच फोडलीस की तू असाच मला पुढे करायचास आणि मी जायची. ती माझी चूक झाली, हे आता दिसतंय. पाच माणसांसमोर बोललास, आता सगळ्या गावासमोर बोल. चौदा तारखेला संध्याकाळी सहाला, खानावळीच्या मागच्या दालनात. वहिनींना मी घेऊन येईन. त्या यायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, कुबड्यांवरच्या बाईला आधार कोण देणार?

गाडीने येऊ नकोस. रस्त्यावर मीठ आहे.

विबके


गोपिंगेन, १८ फेब्रुवारी १९९८

आदरणीय थेडाताई,

सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी मी बोलून खाली बसलो आणि वर बघितलं तर तुमची खुर्ची रिकामी होती. विबकेताई मला म्हणाली, त्यांना जाऊ दे. दुसऱ्या दिवशी तुमच्या दाराशी आलो होतो. पडदे लावलेले होते. पाकीट फटीतून आत सरकवलं आणि आगगाडी गाठली. दाराशी पैसे टाकून जाणं बरं दिसलं नाही, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

तुम्ही ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही, म्हणून जे बोललो ते पुन्हा लिहितो. मी म्हणालो की माझं नाव हेनिंग, मी विबकेचा भाऊ, मी हाब्बो ऊबेन यांना कधी भेटलो नाही. त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून मी त्यांना त्यांच्याच अंगणात लबाड ठरवलं. ती गाडी कडाक्याच्या थंडीत पहिल्या किल्लीला चालू होते आणि हे मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. लबाड त्या अंगणात एकच होता आणि तो पाहुणा म्हणून आला होता. पुढे आणखी बोलायचं ठरवलं होतं, पण पुढचं वाक्य दोनदा सुरू करून अर्धवट सोडलं. कुणीतरी मागून म्हणालं, "झालं असेल तर खाली बस." ते बरोबरच होतं.

माझी एक विनंती आहे. गाडी परत घ्या. उन्हाळा लागला की मी स्वतः आणून देतो. तुम्ही ती कुणालाही विका. मला ती चालवताना आता स्वतःची लाज वाटते. एरवी तिच्यात काही उणं नाही, सगळं उणं माझ्यात आहे. तुम्ही माफ करावं असं म्हणण्याचा मला हक्क नाही, तरी म्हणतो.

आपला,
हेनिंग


लूपरझील, ४ मार्च १९९८

श्री. हेनिंग यांस,

तुमचं पत्र पोचलं. पाकीटही पोचलं. पैसे मी ठेवून घेतले आहेत. ते माझेच होते, आणि छपराचं काम काढायचं आहे.

मी सगळं ऐकलं. तुम्ही खाली बसलात त्यानंतर मी उठले. दाराबाहेर कोट घालत होते तेव्हा आयल्टने आत हाब्बोचं नाव घेतलं. इतक्या खुर्च्या एकदम सरकल्या की बाहेर फरशीवर उभी असून मला पायाला जाणवलं. नंतर लोक घरी आले, हात धरून गेले. कुणाच्याही मनात त्याच्याबद्दल कधी काही आलं नव्हतं म्हणे. तुम्ही त्या दिवशी अंगणात बोललात त्यानंतरसुद्धा नाही. आयल्टच्या बायकोने तर त्या दिवशी घरी जाताना तुम्हाला गाढव म्हटलं होतं. तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी सगळ्या गावात एकच व्यक्ती होती.

तुम्हाला वाटतं की मी तुमच्यावर रागावून निघून गेले. तसं नाही. तुमच्यावरचा राग कधीच संपला. तुम्ही परके होतात. परका माणूस काय, काहीही बोलतो. तुम्ही जेमतेम तासभर माझ्या घरात होतात, आणि हाब्बोबरोबर माझं सगळं आयुष्य गेलं. त्याने मला कधी दुधात पाणी घालण्याएवढंही खोटं सांगितलं नाही. आजारपणात अंथरुणावरून म्हणाला, "थेडा, कुणी बघायला आलं तर आधी गरम करून ठेव." मी का म्हणून विचारलं नाही. त्याला का म्हणून विचारायची मला कधी गरज पडली नव्हती. मग तुम्ही आलात, बॉनेटवर हात ठेवलात, हसलात, आणि मला लगेच वाटलं, हो, असेल. आयल्ट सांगत होता तरी मी त्याचं ऐकलं नाही. सबंध हिवाळा मी हाब्बोला मनातल्या मनात घालूनपाडून बोलले. त्याच्या कबरीवर गेले नाही. नाताळची फुलं नेली नाहीत.

तुमची चूक तुम्ही चारचौघांत उभं राहून फेडलीत, आणि ते सोपं नव्हतं हे मला दिसत होतं. म्हणून माफ केलं असं लिहिते. ते मनापासून लिहिते. पण तुम्हाला माफ करून माझं काही सुटत नाही. मी चूक ज्याच्या बाबतीत केली तो आता ऐकायला नाही.

गाडी परत नको. ठेवून दिली तर बिघडते, म्हणून चालवत राहा, आणि आधी गरम होऊ द्या. तुमच्या मिसेसना फिरवा. फक्त उन्हाळ्यात विबकेकडे आलात तर गाडी आमच्या रस्त्यात आणू नका. तिचा आवाज आला की मी अजूनही उठून दाराशी जाईन, आणि ज्याची माफी मागायची तो त्या गाडीत नसेल.

थेडा ऊबेन